ओतार लोमिद्झेचा केराचा आठवडा

माणसाने किती शिकावं याला मर्यादा नसली तरी कुठल्या वयापर्यंत शिकावं याला असावी, असं ओतार लोमिद्झेचं हल्ली ठाम मत झालं होतं. या मताला कारणीभूत झालेली वस्तू त्याच्या दाराच्या मुठीला लटकत होती. लाकडाची लहानशी पाटी, कडेने रंगवलेली निळी फुलं आणि फुलांच्या मधोमध वळणदार अक्षरांत: 'केराचा आठवडा'.

ओतार काही कोणी ऐरागैरा नव्हता. कुतैसीच्या महाविद्यालयात तो इतकी वर्षं भूगर्भशास्त्र शिकवत होता, की त्याच्या हातून नापास झालेले दोघे आता तिथल्या नगरपालिकेत मोठ्या हुद्द्यावर होते. तो वर्गात शिरला की मुलं उभी राहायची. बसायची स्वतःच्या मर्जीने आणि गप्प तर अजिबात बसायची नाहीत, पण उभी राहायची. अशा माणसाला चाळिशी उलटल्यावर डॉक्टरेटची शिष्यवृत्ती मिळाली आणि तो जॉर्जियातून थेट जर्मनीत, श्वाबियातल्या एका विद्यापीठाच्या गावी येऊन पडला. प्रबंधाचा विषय होता उतारावरच्या मातीची धूप. खोल्या मिळाल्या त्याही एका भयंकर उताराच्या गल्लीत. नियतीला विनोदबुद्धी असते, फक्त ती जरा शाळकरी असते.

घर तीन मजल्यांचं. खाली मालकीण हेबर्लेबाई, मध्ये निवृत्त झालेले फ्लायडरर, वर ओतार. पाटी ज्याच्या दारावर, त्याने त्या आठवड्यात जिना, तळघर, अंगण आणि घरापुढचा फुटपाथ झाडायचा. रविवारी संध्याकाळी पाटी पुढच्याच्या दारावर लावायची. श्वाबियात राज्यं आली नि गेली, पण या पाटीचा क्रम चुकलेला नाही.

खोल्या ओतारला 'इस्टरपर्यंत बघू' एवढ्याच बोलीवर मिळाल्या होत्या. 'बघू' हा शब्द हेबर्लेबाईंनी अशा थाटात उच्चारला होता, की तो दगडावर कोरून घ्यावा. बाईंचं बघून झालं की करारात बायको लालीचं आणि मुलगी टेकलेचं नाव चढायचं. ती नावं चढल्याशिवाय व्हिसाचा अर्ज कोणी हातात घेणार नव्हतं. लालीला मात्र होकाराची इतकी खात्री होती, की तिने कुतैसीतला सोफा बहिणीला देऊन टाकला होता आणि मांजर आत्याकडे पोचवलं होतं. म्हणजे तिकडे सोफा नाही, इकडे बायको नाही आणि मधे हेबर्लेबाई, अशी एकंदर परिस्थिती.

तेव्हा पाटी दिसल्यावर ओतारने मनाशी ठरवलं, की झाडायचं, पण कोणाला दिसेल असं नाही. शेवटी प्राध्यापकी रक्तात असते. उजाडायच्या आत तो उठला. चोर जसा दागिने उचलतो, तसा त्याने जिन्यावरचा कण न् कण उचलला, अंगण झाडलं, फुटपाथ झाडला आणि खराटा तळघरात ठेवून पुन्हा पांघरुणात शिरला. असं त्याने आठवडाभर केलं. इतकं स्वच्छ त्याने स्वतःचं घरही कधी केलं नव्हतं, आणि हे लाली शपथेवर सांगेल.

शनिवारी हेबर्लेबाई जिन्यात भेटल्या.

"या आठवड्यात केर कोणाकडे होता?"

"माझ्याकडे."

"असं?" बाई म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

श्वाबियातल्या 'असं?'मध्ये काय काय मावतं हे अजून कोणी मोजलेलं नाही. ओतार घाईघाईने फ्लायडररांकडे गेला. फ्लायडरर आयुष्यभर वजनकाट्यांच्या कारखान्यात होते आणि त्यामुळे सल्लाही तोलूनमापून देत, फक्त न मागता देत.

"तुम्ही झाडलंत, हे मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "मला झोप कमी. पण बाकीच्यांना झोप असते ना? झाडताना कोणी पाहिलं नाही, म्हणजे झाडलं नाही."

"पण जिना स्वच्छ आहे."

"जिना स्वच्छच असतो हो. तो गेल्या आठवड्यात बाईंनीच झाडला होता. जिना स्वच्छ करायला कोण झाडतंय?"

शिक्षणात ओतारचं उभं आयुष्य गेलं होतं, पण इतकं मूलभूत काही त्याने कधी ऐकलं नव्हतं. शनिवार, दुपारच्या जेवणाआधीची वेळ, सगळी गल्ली पाव आणायला निघालेली. त्या वेळी खराटा घेऊन बाहेर यायचं, प्रत्येकाला नमस्कार करायचा, आणि खराट्याचा आवाज जरा येऊ द्यायचा. याला म्हणायचं झाडणं.

पाटी फिरून पुन्हा आली, तेव्हा ओतार भर दुपारी खराटा घेऊन फुटपाथवर उतरला. कानापर्यंत लाल झालेला, पण उतरला. आणि नेमका त्याच वेळी खिशातला फोन वाजला. सवयीने त्याने तो उचलला. पडद्यावर आई होती. तिच्या मागे कुतैसीची गॅलरी, आणि गॅलरीत शेजारची एतेरी.

"बाळा, हातात काय आहे ते?"

"काही नाही. उपकरण आहे."

"खराटा आहे," एतेरी मागून म्हणाली.

"रस्ता झाडतोयस?" आईचा आवाज बारीक झाला. "शिष्यवृत्ती बंद केली का रे त्यांनी?"

"आई, इथे सगळे झाडतात. डॉक्टर झाडतात, वकील झाडतात."

"तुझ्या मागे तो कोटवाला चाललाय, तो नाही झाडत."

"त्याचा आठवडा नाहीये."

"बरं बाळा," आई म्हणाली. समजूतदारपणे म्हणाली, आणि ओतारला घाम फुटला. संध्याकाळपर्यंत ही बातमी एतेरीमार्फत मासळीबाजारापर्यंत गेली होती. काकांचा फोन आला, की लाज बाळगू नकोस, पैसे पाठवतो. महाविद्यालयातल्या शिपायाचाही आला. तो फक्त 'धीर सोडू नका सर' एवढंच म्हणाला, आणि तेच सगळ्यांत जास्त लागलं.

इतकं सगळं सोसल्यावर माणसाची निदान एवढी अपेक्षा असते, की कोणी तरी 'छान झाडलंत' म्हणावं. कोणी म्हटलं नाही. हेबर्लेबाईंनी खिडकीतून पाहिलं आणि पडदा सोडला.

"बाई काही बोलल्या?" फ्लायडररांनी विचारलं.

"एक शब्द नाही."

"मग झालं की," फ्लायडरर म्हणाले. ओतारला ती थट्टा वाटली.

तरी गोष्ट इथवरच थांबली असती. पण डिसेंबर आला आणि नगरपालिकेने गल्लीत बारीक खडी टाकली. बर्फावर पाय घसरू नये म्हणून टाकतात. आता उतारावर टाकलेली खडी उतारावर थांबत नाही, हे ओतारइतकं त्या गल्लीत कोणाला माहीत असणार? तो झाडून आत जायचा, आणि तासाभरात वरच्या घरांपुढची खडी घरंगळत खाली येऊन त्याच्या फुटपाथवर मुक्काम ठोकायची.

"लोमिद्झेसाहेब, खडी आहे," हेबर्लेबाई म्हणाल्या.

"बाई, तो केर नाही, गाळ आहे. वरून येतोय. उताराचा कोन पाहिलात तर..."

"झाडा."

ओतारमधला प्राध्यापक दुखावला गेला. केर झाडावा लागतो, पण धूप रोखता येते, आणि ती रोखण्यासाठीच तर सरकार त्याला शिष्यवृत्ती देत होतं. त्याने प्रयोगशाळेतून वाळूच्या दोन गोण्या आणल्या, तळघरातून एक जाड फळी काढली आणि फुटपाथच्या वरच्या टोकाला आडवा एक छोटासा बांध घातला. बांध सुरेख झाला. दुसऱ्या दिवशी वरच्या बाजूला खडीचा ढीग आणि खालच्या बाजूला आरशासारखा फुटपाथ. ओतारने त्याचे फोटो काढले. एक फोटो प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात घालायचा विचारही त्याच्या मनात चमकून गेला.

शुक्रवारी नगरपालिकेचे क्नोडलर नावाचे गृहस्थ येऊन उभे राहिले. तक्रार कोणी केली हे तिथे विचारायची पद्धत नाही, कारण बहुधा सगळ्यांनीच केलेली असते.

"हे तुम्ही बांधलंत?"

"बांधलं असं नाही. फळी आहे आणि दोन गोण्या."

"म्हणजे बांधकाम. परवानगी?"

"काढून टाकतो आत्ता."

"थांबा, थांबा," क्नोडलरांनी हात पुढे केला. "काढायचं म्हणजे सार्वजनिक रस्त्यावर काम आलं. त्याला परवानगी लागते."

"ती कशी मिळेल?"

"सोपं आहे. अर्ज करायचा, सोबत बांधल्याची परवानगी जोडायची."

"पण ती तर नाहीये."

"म्हणून तर मी आलोय," क्नोडलर शांतपणे म्हणाले. त्यांनी बांधाला लाल-पांढरी फीत गुंडाळली, ती नीट ताणून पाहिली आणि सोमवारी कार्यालयात या म्हणून सांगून गेले. माणूस अत्यंत सभ्य होता. सभ्य माणसावर चिडताही येत नाही, हा आणखी एक वैताग.

शनिवारी पाऊस पडला. ओतारने भिजत, सगळ्यांना नमस्कार करत फुटपाथ झाडला. मग त्याला त्या पाटीचा इतका उबग आला, की रविवार संध्याकाळची वाट न पाहता त्याने ती दुपारीच फ्लायडररांच्या दाराला अडकवून टाकली. रात्री थंडी पडली. बांधाच्या वर अडलेलं पाणी फळीखालून पाझरत पाझरत खालच्या फुटपाथवर पसरलं आणि गोठलं. एरवी तिथे वरून आलेली थोडीफार खडी असायची. ती आता नव्हती. तिला ओतारने शास्त्रोक्त पद्धतीने वरच रोखून धरलं होतं.

रविवारी सकाळी फ्लायडरर फिरायला निघाले, आणि पहिल्याच पावलाला खाली बसले.

धप्प आवाज ऐकून ओतार सपाता घालून खाली धावला. हेबर्लेबाई आधीच पोचल्या होत्या. कमरेवर हात ठेवून त्या बर्फावर बसलेल्या फ्लायडररांकडे बघत होत्या. लागलं का, हे त्यांनी विचारलं नाही.

"पाटी कोणाच्या दारावर आहे?"

"माझ्या," फ्लायडरर खालूनच म्हणाले. "काल दुपारपासून."

"मग पहाटे उठून खडी तुम्ही टाकायला हवी होती."

"हवी होती," फ्लायडररांनी मान्य केलं. "चूक माझी आहे. मी मलाच जबाबदार आहे. बर्फ गार आहे हो फार."

ओतार दारात उभा होता. त्याला काहीच करायचं नव्हतं, नुसतं गप्प राहायचं होतं. पाटीच्या कायद्याने तो मोकळा होता. घसरणाऱ्याने स्वतःच गुन्हा कबूल केला होता. इस्टर चार महिन्यांवर होतं, लाली सोफ्याशिवाय स्टुलावर बसून जेवत होती. पण म्हातारा माणूस आपल्या बांधामुळे बर्फात बसलाय आणि आपण सपातांत उभं राहून कायद्याचा मुद्दा बघतोय, हे चित्र कुतैसीच्या गॅलरीतून कसं दिसेल, ते त्याच्या डोळ्यांपुढे आलं. तो वर गेला, फ्लायडररांच्या दारावरची पाटी काढली आणि गळ्यात अडकवल्यासारखी छातीशी धरून खाली आला.

"पाटी मी आधीच लावली होती," तो म्हणाला. "आज संध्याकाळपर्यंत आठवडा माझा आहे. बर्फ माझा, बांध माझा. आणि हे बरे होईपर्यंत यांचे आठवडेही माझेच."

"असं?" हेबर्लेबाई म्हणाल्या. "आणि हा बांध?"

"तो काढायला परवानगी..."

हेबर्लेबाई त्याच्या अंगावरून फुटपाथच्या वरच्या टोकाला गेल्या, फीत बाजूला केली, फळी उपसली आणि काखेत मारली. "फळी माझ्या तळघरातली आहे. माझी फळी मी माझ्या घरात नेतेय. त्याला कोणाची परवानगी लागते?" दोन्ही गोण्या त्यांनी पायाने कडेला लोटल्या. दारातून आत जाता जाता त्या थांबल्या. "आणि लोमिद्झेसाहेब, या घरात पुन्हा शास्त्र वापरायचं नाही."

त्यानंतर हेबर्लेबाई ओतारशी बोलल्या नाहीत.

फ्लायडररांच्या माकडहाडाला मार बसला होता. त्यांना बसता येईना. त्यामुळे ते दिवसभर खिडकीत उभे राहायला लागले आणि खाली झाडणाऱ्या ओतारला वरून सूचना द्यायला लागले. "कोपरा, लोमिद्झे, कोपरा." "खराटा ओढू नका, ढकला." अपराधी भावनेने ओतारने एकदा चीज भरलेली गरमागरम खाचापुरी स्वतः भाजून त्यांना नेऊन दिली. आईची पद्धत, भरपूर लोणी. दुसऱ्या दिवशी ताटली घासूनपुसून परत आली.

"कशी झाली होती?"

"खाता येते," फ्लायडरर म्हणाले.

ओतार ताटली घेऊन वर गेला. कुतैसीत 'खाता येते' एवढंच कोणी म्हटलं असतं, तर दोन घरांचं येणंजाणं बंद झालं असतं.

पण त्याला खरा घोर लागला होता तो हेबर्लेबाईंच्या मौनाचा. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. स्वतःच्या आणि फ्लायडररांच्या आठवड्यांत दर शनिवारी तो गल्लीदेखत झाडत होता. आता तर पावाच्या दुकानातली बाईसुद्धा त्याला हात करायची. हेबर्लेबाई मात्र खिडकीत यायच्या, बघायच्या आणि पडदा सोडायच्या. नमस्काराला नमस्कार. पुढे शब्द नाही.

"काय म्हणाली?" लाली रोज फोनवर विचारायची.

"काही नाही म्हणाली."

"म्हणजे नाहीच म्हणणार आहे. तू माफी मागितलीस का?"

"माफी मागायला ती काही बोलली तर पाहिजे."

मार्चमध्ये लक्षणं दिसायला लागली. तळघरात त्याच्या कप्प्याशेजारचा कप्पा एक दिवस रिकामा करून, पुसून ठेवलेला दिसला. मग सायकली ठेवायच्या जागेत एक छोटी सायकल मावेल एवढी फट केलेली दिसली. आणि एका सकाळी खालच्या बोळात, कोट टांगायच्या खुंट्यांच्या रांगेखाली, पार कमरेच्या उंचीवर एक नवी खुंटी ठोकलेली होती. ओतार त्या खुंटीकडे बघतच राहिला. लहान मूल असलेलं बिऱ्हाड येणार होतं. त्याच्या जागी. मूल कुठल्या उंचीचं आहे इथपर्यंत ठरलं होतं, आणि त्याला मात्र कोणी साधं कळवलं नव्हतं.

त्याने गुपचूप दुसऱ्या खोल्या शोधायला सुरुवात केली. एक खोली बरी होती, पण तिथे स्वयंपाकाला बंदी होती. दुसरीत स्वयंपाक चालत होता, पण मुलगी चालत नव्हती. तिसऱ्या ठिकाणी बाईंनी विचारलं, "आत्ता कुठे राहता?" पत्ता सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे बांधवाले तुम्हीच का?" आणि त्यांनी फार सभ्यपणे दार लावलं.

इस्टरच्या आदल्या शनिवारी ओतारचा संयम संपला. फुटपाथ झाडून झाला होता. तो खराट्यासकट हेबर्लेबाईंच्या दारात जाऊन उभा राहिला आणि घंटी वाजवली. बाई पदराला हात पुसत यावं तशा ॲप्रनला हात पुसत आल्या. आतून बटाट्याच्या सॅलडचा वास येत होता.

"बाई," ओतार म्हणाला, "मी शिकलेला माणूस आहे. माझ्या गावात मला मान आहे. होता. नाही म्हणायचं असेल तर तोंडावर म्हणा. पण तळघरं रिकामी करायची, खुंट्या ठोकायच्या, आणि ज्याला घालवायचंय त्याच्याशी चकार शब्द बोलायचा नाही, ही कुठली पद्धत?"

हेबर्लेबाई गोंधळल्या. त्यांचा चेहरा गोंधळलेला ओतारने पहिल्यांदाच पाहिला.

"मी तुम्हाला शेवटचं काय बोलले होते?"

"या घरात शास्त्र वापरायचं नाही."

"वापरलंत?"

"नाही."

"त्यानंतर मी काही बोलले?"

"नाही ना. तेच तर म्हणतोय."

"मग?" बाई म्हणाल्या.

बाई आत गेल्या, टेबलाचा खण उघडल्याचा आवाज आला, आणि त्या करार घेऊन बाहेर आल्या. त्यात दोन नावं चढवलेली होती, खाली सही होती आणि सहीखाली तारीख होती जानेवारीतली.

"तुम्ही न्यायला आला नाहीत," बाई म्हणाल्या, आणि आता त्यांच्या आवाजात खरीखुरी तक्रार होती. "मला वाटलं, बायकोलाच यायचं नसेल. आपण कशाला विचारा. मुलगी केवढी आहे? खुंटी अंदाजाने ठोकलीय."

"बरोबर आहे," ओतार कसाबसा म्हणाला. "उंची बरोबर आहे."

"डाव्या हाताचा कोपरा राहिलाय," बाहेर नजर टाकत बाई म्हणाल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

जिन्यात फ्लायडरर उभे होते. त्यांना आता बसता येत होतं, पण उभं राहायची सवय लागली होती. "काय, झालं का?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मी तर तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. बाई बोलल्या नाहीत ना, मग झालं की. आणि ती खाचापुरी पुन्हा कधी करणार आहात? मी वाट बघतोय तेव्हापासून."

ओतार परत बाहेर गेला, डाव्या हाताचा कोपरा झाडला, आणि मग पायरीवर बसून लालीला फोन लावला.

"काय म्हणाली?" लालीने विचारलं.

"काही नाही म्हणाली. म्हणजे हो म्हणाली. जानेवारीतच म्हणाली होती, फक्त बोलली नव्हती. नावं चढलीत. अर्ज कर."

पलीकडे लाली एकदम हसायला लागली, मग बहुतेक रडली, मग तिने लेकीला हाक मारली, मग सोफा परत मागायचा का नाही यावर स्वतःशीच चर्चा केली. शेवटी श्वास घेऊन तिने विचारलं, "आणि तुला? आम्ही येणार, तुला आनंद झाला ना रे?"

ओतारला इतका आनंद झाला होता, की समोरची अख्खी उतरती गल्ली त्याला ओली दिसत होती. त्याने डोळे पुसले, घसा साफ केला आणि मनापासून म्हणाला, "तक्रार नाही."

लाली गप्प झाली.

आणि कुतैसीत बायको गप्प झाली, तर त्याचा अर्थ श्वाबियातल्यासारखा होत नाही.